गोळी थांबते कुठे?

आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर सण आले, संत आले, शेतीभाती, शाळा, सोयरिकी, परदेशी गेलेली मुले असे नाना विषय येऊन गेले. काडतुसांचा विषय आल्याचे आम्हांस स्मरत नाही. जपमाळेशेजारी काडतूस ठेवावे तसे हे दिसेल, आणि काही वाचक कपाळाला आठ्या घालतील, याची आम्हांला कल्पना आहे. तथापि गेले काही महिने हा विषय आमच्या घरी पाहुण्यासारखा येऊन राहिला आहे, आणि त्याच्याशी बोलल्याखेरीज गत्यंतर उरलेले नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांची घरे आडरानात, रस्त्याच्या कडेला, वस्तीपासून दूर आहेत. स्वसंरक्षणासाठी परवान्याचे शस्त्र ठेवावे काय, हा प्रश्न त्यांच्याही ओट्यावर कधीतरी येऊन बसला असेल.

बुलढाण्याहून खामगावकडे निघालेला रस्ता बोथ्याच्या जंगलातून घाट उतरतो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. अस्वलांसाठी ते प्रसिद्ध आहे. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तेराशेहून अधिक किलोमीटर चालत येथवर आला, तेव्हा सगळ्या देशाने आमच्या या जंगलाचे नाव ऐकले. त्या दिवसांत आमच्याकडील पारावर बंदुकांची पुष्कळ भाषा झाली. वाघाने मात्र कुणाकडे लक्ष दिले नाही. अस्वल, रोही, रानडुक्कर यांच्यापुढे कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग शून्य, हे आमचे थोरले बंधू वारंवार सांगत. तेव्हा जनावरांचा मुद्दा येथेच सोडतो. आमचा प्रश्न माणसांचा आहे.

पुतण्याचे कृषी सेवा केंद्र घाटाखाली आणि घर घाटावर. मृगाच्या पेरणीचे दिवस होते. बियाणे-खतांचा गल्ला अशा दिवसांत मोठा असतो. संध्याकाळी आठच्या सुमारास वळणावर दोन मोटारसायकली आडव्या लागल्या, चाकू निघाला, पिशवी गेली, आणि डाव्या हाताला सात टाके पडले. मागून येणाऱ्या एस.टी.चे दिवे वळणावर चमकले म्हणून ते लोक पळाले, नाहीतर काय झाले असते ते प्रभूला ठाऊक. तेव्हापासून पुतण्याची झोप मोडली आणि त्याच्या डोक्यात वडिलांचे रिव्हॉल्व्हर आले.

थोरले बंधू लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याजवळ कानपूरच्या सरकारी कारखान्यातले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर होते. सहा गोळ्यांचे, हातात घेतले की वजन जाणवणारे. सत्तावीस वर्षे ते त्यांच्या कपाटात राहिले. ठराविक दिवशी ते बाहेर काढीत, पुसून, तेल देऊन परत ठेवीत. कुणावर रोखल्याचे ऐकिवात नाही. निवडणूक आली की आचारसंहितेपायी ते ठाण्यात जमा करावे लागे, आणि गाव सर्वांत जास्त तापलेले असते नेमक्या त्याच दिवसांत आपले रक्षण ठाण्याच्या कपाटात बसते, असे म्हणून ते हसत. त्यांच्या निधनानंतर वहिनींनी पहिल्याच आठवड्यात शस्त्र ठाण्यात नेऊन दिले. कायदा तसाच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावे परवाना मागू शकतो. त्यासाठी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. पुतण्याने अर्जाची जुळवाजुळव केली आणि एका रविवारी मिस्सेनंतर आमच्या ओट्यावर बसून विचारले, “काका, गोळ्या कोणत्या घ्यायच्या?”

आम्ही उभ्या आयुष्यात खडूखेरीज हाती काही धरले नाही. परंतु थोरल्या बंधूंच्या सहवासात ऐकले पुष्कळ, आणि त्या रविवारनंतर वाचलेही पुष्कळ. बहुतेक लोक समजतात की गोळी म्हणजे गोळी. खिळा जसा खिळा. तसे नाही. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांपैकी गोळी किती जड, किती वेगाची आणि कोणत्या आकाराची, यावर पुढील सारे अवलंबून असते.

आपल्या देशात नागरिकाची निवड कायद्यानेच बरीचशी करून ठेवली आहे. सैन्य व पोलीस वापरतात ती नऊ मिलिमीटर, .३८, .४५५ अशी मापे सामान्य परवानाधारकाला वर्ज्य आहेत. सरकारी कोठारातील गोळी खासगी शस्त्रात चालू नये, ही इंग्रजी राजवटीपासूनची खबरदारी १९५९ च्या शस्त्र कायद्यानंतरही टिकली. म्हणून आपल्याकडे घरोघरचे पिस्तूल बहुधा बत्तीस बोअरचे असते. दिल्लीतील २०१२ च्या अमानुष घटनेनंतर कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. परंतु पोटातील काडतूस तेच, बत्तीस बोअरचे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; थोरल्या बंधूंच्या डबीतील पुंगळ्यांच्या बुडाशी त्याची ‘के.एफ.’ ही अक्षरे कोरलेली आम्ही पाहिली आहेत.

येथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती ठाऊक नसल्यास हात जायचा. बत्तीस बोअरची काडतुसे दोन जातींची असतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब, बुडाशी ठळक कड असलेले आणि शिशाच्या गोल टोकाच्या गोळीचे असते. पिस्तुलाचे आखूड असते व त्याच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते, यालाच ७.६५ मिलिमीटर म्हणतात. परवान्यावर बहुधा नुसते .३२ लिहिलेले असते. एकाचे दुसऱ्यात घालू नये, चक्रात शिरते असे दिसले तरी घालू नये.

बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे सहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. नऊ मिलिमीटरची गोळी सात-आठ ग्रॅमची आणि साडेतीनशे मीटर वेगाची; तिचा जोर बत्तीसच्या तिपटीच्या घरात जातो. पुतण्याचा टेक्सासमधील मावसभाऊ फोनवर त्याला सांगे की बत्तीस म्हणजे पोरखेळ, तिकडे लोक पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात. ही पोकळ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलासारखी उमलते, त्यामुळे जखम रुंद होते आणि गोळी लवकर थांबते.

पुतण्याला ठाऊक नव्हते की तिची पूर्वज आपल्याच मातीतली आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील इंग्रजांच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात रायफलीची अशी उमलणारी गोळी तयार झाली आणि ‘दमदम’ हे गावाचे नाव जगभर क्रूरतेचे नाव ठरले. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा काढला. आता उलटा प्रकार पाहा. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये हीच पोकळ टोकाची गोळी स्वीकारायचे ठरवले. कारण असे की आवरणाची गोळी गुन्हेगाराच्या अंगातून आरपार जाऊन मागच्या वाटसरूला लागत असे. रणांगणावर जी निर्दय म्हणून त्याज्य, ती गर्दीच्या शहरात शेजाऱ्याच्या दयेपोटी पत्करली गेली. या एका वळणावर आम्ही दोन-तीन रात्री विचार करीत बसलो.

अमेरिकेत या गोष्टीचा अभ्यास कसा झाला तेही सांगण्यासारखे आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात दोन बँक-दरोडेखोर आणि तेथील केंद्रीय तपास संस्थेचे आठ जण यांच्यात चकमक झाली. सुरुवातीसच एका दरोडेखोराला नऊ मिलिमीटरची उमलणारी गोळी लागली. ती हृदयाच्या अलीकडे इंचभरावर थांबली आणि तो लढत राहिला. दोन अधिकारी मेले, पाच जखमी झाले. त्यानंतर त्या संस्थेने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून कसोटी ठरवली: गोळी निदान बारा इंच आत जावी, पण अठरा इंचांपलीकडे जाऊ नये. मग अधिक मोठे माप घेतले, ते न झेपून मधले घेतले, आणि तीस वर्षे फिरून २०१४-१५ च्या सुमारास पुन्हा नऊ मिलिमीटरवर येऊन उभे राहिले. आमच्या आजी याला ‘वळसा घालून वेशीत’ म्हणत.

परंतु बारा आणि अठरा इंचांचे हे गणित लागलेल्या गोळीचे आहे. न लागलेल्या गोळीचे काय? न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा समोरून गोळीबार होत असताना शंभरातील सरासरी अठराच गोळ्या नेमावर लागल्याचे आढळले. ही पगारी, सराव केलेली माणसे. आमच्या पुतण्याने आयुष्यात किती गोळ्या झाडाव्यात? काडतुसे किती बाळगायची, वर्षात किती घ्यायची, याचे आकडे परवान्यावरच असतात, आणि काडतूस स्वस्त नाही. सरावाखेरीज उत्तम गोळी म्हणजे अशिक्षिताच्या हातातला उत्तम ग्रंथ.

आम्ही पुतण्याला विचारले, “त्या संध्याकाळी रिव्हॉल्व्हर असते तर तू कुठून कुठे झाडली असतीस?” तो उठून उभा राहिला आणि ओट्यावरच त्याने जागा दाखवली. मोटारसायकली येथे, चाकूवाला येथे, मी येथे, म्हणजे माझा हात असा. मग तो हात तसाच धरून गप्प झाला. पळताना ते ज्या बाजूला वळले होते त्या बाजूनेच एस.टी. येत होती, आत खामगावच्या बाजारातून परतणारी माणसे बसलेली.

आमच्याकडील घरांचेही असेच आहे. जुन्या घरांना पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती. त्यांत गोळी रुतून बसेल. पण आता कुणाचे माती सारवण्याचे दिवस उरले नाहीत. आमच्याच घराला पाठीमागे टिनपत्र्याची खोली जोडलेली आहे, पलीकडे शेजाऱ्यांची खोली, मध्ये एकच पत्रा. बत्तीस बोअर पोरखेळ असेल, पण पत्र्याला ती पुरून उरते. तेथे शेजाऱ्यांची मुलगी रात्री दहावीचे पाठांतर करते. बीजगणिताची सूत्रे आम्हांला अलीकडे ऐकू येतात. आणि उन्हाळ्यात तर निम्मे गाव अंगणात नाही तर गच्चीवर झोपते.

कायद्याने यासंबंधी काय म्हटले आहे ते पाहिले, तेव्हा आम्ही चकित झालो. आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, हे त्याचे मुख्य बंधन. त्यातील शेवटच्या कलमाला जोडलेले उदाहरण असे, की जमाव एखाद्याचा जीव घ्यायला धावला, गोळी झाडल्यावाचून सुटका नाही, आणि जमावात लहान मुले मिसळली आहेत. अशा वेळी गोळीने मुलांना इजा झाली तरी तो गुन्हा नव्हे. हे १८६० सालापासून तसेच आहे. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. जिवावर बेतलेल्या माणसाकडून कायद्याने आणखी काय मागावे? परंतु कचेरीतून निर्दोष सुटून घरी आलेला तो माणूस रात्री कुठल्या कुशीवर झोपतो, हे संहितेत लिहिलेले नाही.

फादरांशी आम्ही बोललो. ते म्हणाले की ख्रिस्तसभा आत्मसंरक्षणाला नाही म्हणत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एका कृतीचे दोन परिणाम वेगळे करून दाखवले: आपला जीव वाचवणे हा हेतू, हल्लेखोराचा जीव जाणे हे हेतूबाहेरचे, मात्र गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर कृती दूषित होते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हेच आहे, आणि ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे त्याचे ते कर्तव्यही ठरू शकते असे पुढे सांगितले आहे. मग फादरांनी गेथशेमनेच्या रात्रीची आठवण दिली. शिष्यांजवळ दोन तलवारी होत्या. त्यांतील एक उपसली गेली तेव्हा कान तुटला तो प्रमुख याजकाच्या चाकराचा. याजकही नव्हे, यहूदाही नव्हे. हुकमाचा ताबेदार एक नोकर. प्रभूने तो बरा केला. आपल्या गोळीने तुटलेला कान बरा करायला कोण येणार, असे फादर म्हणाले नाहीत. ते आमच्या मनात आले.

आणि १३ मे १९८१ चा दिवस आमच्या पिढीला विसरता येत नाही. संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या. पोटातून गेलेल्या गोळीने मुख्य रक्तवाहिनी चुकवली आणि ते वाचले. पण त्या दिवशी आणखी दोघी जखमी झाल्या होत्या, दर्शनाला आलेल्या दोन स्त्रिया; एकीला छातीत, दुसरीला हातावर गोळी लागली. त्यांची आठवण फारशी कुणी काढीत नाही. पोपमहाशय १९८३ च्या नाताळात हल्लेखोराला तुरुंगात जाऊन भेटले, ते चित्र घरोघर लागले. त्या दिवसाची एक गोळी पुढे फातिमाच्या मातेच्या मुकुटात बसवली गेली. सगळ्याच गोळ्यांना अशी जागा मिळत नाही.

या काळात सल्लागार पुष्कळ भेटले. एकाने तर परवान्याच्या भानगडीत कशाला पडता, सातपुड्याकडून काम होते, असे कानात सांगितले. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात पाचोरी नावाचे गाव गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तेथून आलेला माल आपल्या हद्दीत पकडल्याच्या बातम्या येतच असतात. त्या पिस्तुलाची नळी कुणी कशी ओढली, आत बसणारे काडतूस कुठून आले, ते फुटणार पुढून की मागून, याचा कुणालाच भरवसा नाही. विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर निदान दोन वर्षे कैद आहे. आम्ही त्या गृहस्थांना चहा दिला आणि निरोप दिला.

वहिनी या सर्व चर्चेत गप्पच होत्या. त्यांचे बोलणे आमच्यासारखे पुस्तकी नाही. एके रात्री पुतण्या पुन्हा बत्तीसची शिशाची गोळी की बाहेरून मागवलेली पोकळ टोकाची, असे म्हणू लागला, तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “गोळी कोनतीबी घे बापा. पन ते थांबन कुठी, ते मले सांग आधी.” आणि मग म्हणाल्या, “तुह्या बापाच्या कपाटात ते होतं, म्हनून सत्तावीस वर्सं म्या एकबी लेकरू त्या खोलीत निजू देलं नाही. तुले मालूम होतं काय?”

पुतण्याला ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते. लहानपणी मुलांना त्या खोलीत का घेत नसत, याचे कारण आम्ही सगळे उंदीर समजत होतो.

अर्ज दिला गेला. तो मागे घ्यावा असे आम्ही सुचवले नाही. ज्याच्या हाताला सात टाके पडले त्याला घरबसल्या अहिंसा शिकवणे आम्हांला शोभत नाही. प्रशिक्षणाचा दाखला त्याने मिळवला. परवाना झाला तर गोळी खडकीचीच, शिशाची, साधी घ्यायची असे ठरले. त्या रिव्हॉल्व्हरला ती मानवते, वडिलांनी तीच वापरली, आणि पत्र्याच्या घरात व एस.टी.च्या रस्त्यावर कोणतीच गोळी निर्धोक ठरणार नाही. वडिलांची चामडी पट्ट्यात राहिलेली जुनी काडतुसे मात्र वापरायची नाहीत. चामड्यातील आम्लाने पितळेवर हिरवा गंज चढला आहे, आणि तेलाचा हात लागून काहींच्या टोप्याही बाद झाल्या असतील. अशी गोळी ऐन वेळी खट्ट आवाज करून गप्प बसते आणि क्वचित क्षणभराने सुटते. म्हणून अशा वेळी नळी निर्धोक दिशेला धरून थांबावे असे प्रशिक्षणात सांगतात. ती काडतुसे शस्त्रासोबत ठाण्यात जमा आहेत, आणि त्यांची विल्हेवाट रीतसर व्हावी असे अर्जात लिहून दिले आहे.

लोखंडी पेटी भिंतीत बसवून घेतली, मातीच्या जुन्या भिंतीत, पत्र्याच्या बाजूला नव्हे. तिला दोन किल्ल्या आहेत, आणि वहिनींनी एक मागून घेतली आहे. पोलीस अहवाल जाऊन दोन महिने झाले. जिल्हा कचेरीतून अजून काही आलेले नाही. दरम्यान गल्ला रोज दुपारी तीन वाजता बँकेत जातो, आणि संध्याकाळी सातच्या आत दुकान बंद करून पुतण्या शेवटून दुसऱ्या एस.टी.ने घाट चढतो.